नाममुद्रा, दर्शनीनाम आणि पत्ता : ब्लॉगमाध्यमातील लेखक-पृष्ठाची मीमांसा

१

रोलाँ बार्थ यांचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध १९६७ साली प्रथम इंग्रजी अनुवादात आणि १९६८ साली मूळ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये मिशेल फूको यांनी पॅरिसमध्ये 'लेखक म्हणजे काय?' हे व्याख्यान दिले. मराठी समीक्षेत या दोहोंचा उल्लेख बहुधा एका दमात होतो आणि त्यांतून एकच निष्कर्ष काढला जातो : संहितेच्या अर्थनिर्णयात लेखकाच्या हेतूला अंतिम प्रामाण्य नाही. बार्थ यांच्या बाबतीत हा निष्कर्ष बराचसा रास्त आहे. फूको यांचा प्रश्न मात्र निराळा होता. लेखक गेला असे म्हटल्यावर एक जागा रिकामी होते. त्या जागी कोणती व्यवस्था उभी राहते, लेखकाचे नाव संहितांचे वर्गीकरण कसे करते, कोणते लेखन 'कृती' म्हणून आत घेते आणि कोणते बाहेर ठेवते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. लेखकनाम व्यक्तिनामाप्रमाणे एखाद्या माणसाकडे निर्देश करून थांबत नाही; ते काही संहितांभोवती कड आखते. यालाच त्यांनी 'लेखक-कार्य' म्हटले.

फूको यांच्या या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत एक अनपेक्षित उत्तर मिळालेले आहे, आणि ते तत्त्वज्ञांनी दिलेले नाही. ब्लॉगलेखनासाठी घडवलेल्या संगणकप्रणालींनी 'लेखक' हा शब्द आपल्या रचनेतच बसवला. अशा प्रणालीवर नव्या लेखकाची नोंद होते त्या क्षणी त्याच्या नावे एक स्वतंत्र पृष्ठ आणि त्या पृष्ठाचा एक स्वतंत्र पत्ता निर्माण होतो. या लेखक-पृष्ठाकडे आजवर तांत्रिक सोय म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, लेखक-पृष्ठ आणि त्याचा पत्ता ही लेखक-कार्याची नवी व मूर्त अवस्था आहे. या अवस्थेत लेखकाचे नाव संहितेतून आणि ग्रंथाच्या देहातूनही बाहेर पडून पत्त्यात जाऊन वसते. आणि पत्त्याचे नियम साहित्याचे नसल्यामुळे मराठी लेखकनामाच्या दीर्घ परंपरेतील अनेक शक्यता तेथे संकोच पावतात. हा संकोच नेमका कोठे होतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

२

लेखकाचे नाव कोठे असते, या प्रश्नाची मराठीतील पहिली मोठी उत्तरे संतकवितेत सापडतात. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा ही संहितेचाच भाग असते. 'तुका म्हणे' हे शब्द काढून टाकले तर चरण लंगडा होतो. छंदाने नावाला धरून ठेवलेले असते. त्यामुळे अभंग गायला जावो, पाठ होवो वा वहीत उतरवला जावो, नाव त्याच्यासोबत प्रवास करते. कागद नसला तरी नाव असते.

ही मुद्रा आधुनिक अर्थाने स्वामित्वदर्शक मात्र नाही. एकनाथांच्या 'एका जनार्दनी' या मुद्रेत शिष्याचे नाव गुरूच्या नावाला जोडूनच उच्चारले जाते. जनाबाईच्या मुद्रेत नामदेवाचे नाव येते. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात उत्तर भारतीय भक्तिकवितेतील नाममुद्रेविषयी असे दाखवले की, तेथे नाव कर्तृत्वापेक्षा अधिकाराची ग्वाही अधिक देते : हे पद अमक्याने रचले, यापेक्षा हे पद अमक्याच्या वाणीच्या परंपरेत उभे आहे. नामदेवांच्या नावाखाली तर अनेकांची रचना एकत्र आली. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि नामदेव यांच्या रचनांची सरमिसळ हा मराठी संशोधकांपुढचा जुना प्रश्न आहे. क्रिस्टियन नोव्हेट्झकी यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात नामदेव-परंपरेतील कर्तृत्वाचा विचार कीर्तनाच्या सादरीकरणाच्या अंगाने केला. तात्पर्य, एक नाव अनेकांना सामावून घेऊ शकत होते. संशोधकाला ही अडचण वाटते; परंपरेला ती अडचण वाटली नाही.

मुद्रणयुगात नाव संहितेबाहेर आले आणि मुखपृष्ठावर, शीर्षकपृष्ठावर स्थिर झाले. जेरार्द जेनेत यांनी १९८७ साली ज्या घटकांना संहितेचे 'उंबरठे' म्हटले, त्या शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, लेखकनाम अशा परिसंहितेत ते दाखल झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतात १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ आणि प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे बंधनकारक केले. नियतकालिकांसाठी झालेला नवा कायदा मार्च २०२४ मध्ये अमलात आला तोवर हा कायदा कायम होता. पुस्तकावर लेखकाचे नाव छापलेच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. राज्यसंस्थेला हवा होता तो पत्ता, आणि तो देण्याची जबाबदारी मुद्रक-प्रकाशकांची होती. लेखकाला नाव होते; पत्ता दुसऱ्या कोणाचा होता. टोपणनावाची जी समृद्ध प्रथा मराठीत रुजली, तिला या विभागणीचे मोठे साहाय्य झाले. 'केशवसुत', 'बी', 'कुसुमाग्रज', 'ग्रेस' ही नावे पत्त्यावाचून जगू शकली, कारण पत्त्याचा भार त्यांच्या पुस्तकांवरील दुसऱ्या नावांनी उचलला होता.

३

ब्लॉगमाध्यमाने ही विभागणी मोडली. त्याची रचना पाहण्यासाठी वर्डप्रेस या प्रणालीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. मे २००३ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. ती मुक्तस्रोत असल्यामुळे तिची अंतर्गत रचना कोणालाही तपासता येते.

या प्रणालीच्या विदासाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, लेखकाला एक नाव नसते, तीन असतात. पहिले सदस्यनाम : प्रवेश करताना टंकायचे नाव. दुसरे पत्तानाम : लेखक-पृष्ठाच्या पत्त्यात दिसणारे नाव. तिसरे दर्शनीनाम : लेखाखाली वा लेखावर वाचकाला दिसणारे नाव. सदस्यनामासाठी साठ, पत्तानामासाठी पन्नास आणि दर्शनीनामासाठी अडीचशे वर्णांचा रकाना असतो. या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे क्रमांक. प्रत्येक लेखाच्या नोंदीत लेखकाच्या जागी नाव नोंदवले जात नाही. एक संख्या नोंदवली जाते. पत्त्यात लेखक-क्रमांक दिला तर प्रणाली वाचकाला त्या क्रमांकाच्या पत्तानामाकडे वळवते. फूको यांनी ज्याला कार्य म्हटले ते येथे शब्दशः एका रकान्यात येऊन बसलेले आहे.

लेखक-पृष्ठ हे कोणी लिहिलेले पृष्ठ नसते, ही त्याहून महत्त्वाची बाब होय. वाचक त्या पत्त्यावर जातो तेव्हा प्रणाली आपल्या साठ्याला प्रश्न विचारते : या क्रमांकाच्या नावे काय काय प्रसिद्ध झाले आहे? मिळालेले उत्तर ती उलट कालक्रमाने, मूळ मांडणीत एका पानावर दहा लेख याप्रमाणे, मांडते. त्या पृष्ठावर लेखकाने स्वतः लिहिलेला मजकूर असलाच तर तो अल्प परिचयापुरता. समग्र वाङ्मयात काय घ्यावे आणि काय वगळावे, लेखकाची पत्रे, टिपणे, घरखर्चाच्या याद्या 'कृती' ठरतात काय, असा पेच फूको यांनी उभा केला होता. येथे तो पेच निमिषात सुटतो, कारण विचारलाच जात नाही. त्या क्रमांकाखाली जे प्रसिद्ध झाले ते आत. त्याच लेखकाने अन्यत्र लिहिलेले बाहेर. इतरांच्या लेखांवर त्याने लिहिलेल्या प्रतिक्रिया या सूचीत येत नाहीत, मग त्या कितीही मौलिक असोत. आणि नुकतेच लिहिलेले सर्वांत वर. पहिले लेखन सर्वांत खाली, अनेक पानांच्या मागे. संपादकाने सिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयात लेखकाच्या घडणीचा एक क्रम असतो. लेखक-पृष्ठावर लेखक सतत आजचाच असतो.

येथे बार्थ यांचे प्रतिपादन खोटे ठरले, लेखक परतला, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा होईल. परतलेला लेखक हा अर्थाचा उगम म्हणून परतलेला नाही. अनुक्रमणिकेचे शीर्षक म्हणून परतलेला आहे. संहितेने काय म्हणावे, यावर त्याची सत्ता नाही. पण संहिता कोणत्या संहितांच्या शेजारी उभी राहील हे त्याच्या क्रमांकाने ठरते. मुद्रेने पदाला परंपरेत उभे केले. क्रमांक लेखाला यादीत उभे करतो.

४

पत्त्याच्या नियमांतील पहिला नियम अनन्यतेचा आहे. एका संकेतस्थळावर एका पत्तानामाचा एकच धारक असू शकतो. त्याच नावाचा दुसरा लेखक आला की वर्डप्रेस त्याच्या पत्तानामापुढे दोनचा आकडा जोडते. नामदेवाच्या नावात विष्णुदास नामा मिसळून गेला. या व्यवस्थेत तो 'नामा-२' झाला असता. अभ्यासकाला हे हितकारक वाटणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर २०१२ पासून संशोधकांना दिला जाणारा 'ऑर्किड' हा सोळा अंकी क्रमांक याच गरजेतून आला. सारख्या नावांच्या संशोधकांचे निबंध वेगळे ओळखता यावेत, हा हेतू उचितच आहे. परंतु सर्जनशील परंपरेत नावाची सामायिकता हा दोषच असतो असे मानता येत नाही. नाव सामायिक असण्यातून जो समूहस्वर उभा राहतो, त्याला या रचनेत जागा नाही. एका लेखाच्या नोंदीत लेखकाचा रकानाही एकच असल्याने दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखाला मूळ रचना एकच लेखक देऊ शकते. दुसऱ्याचे नाव नोंदवायचे तर पूरक आज्ञावली बाहेरून जोडावी लागते.

दुसरा नियम लिपीचा. डिसेंबर १९९४ मध्ये संगणकीय पत्त्याचे जे प्रमाण निश्चित झाले, त्यात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे यांनाच थेट प्रवेश होता. इतर लिपींतील चिन्हे शतमान-चिन्ह आणि दोन सोळामान अंक अशा त्रिकुटांत रूपांतरित करून लिहावी लागतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटचे असे एक त्रिकूट होते. म्हणजे एका देवनागरी चिन्हासाठी पत्त्यात नऊ वर्ण खर्च होतात. मात्रा आणि हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात अशी अकरा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांचे नव्याण्णव वर्ण होतात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्तानामाला दोनशे वर्णांची मर्यादा असल्यामुळे सुमारे बावीस चिन्हांपुढील देवनागरी शीर्षक पत्त्यातून कापले जाते.

लेखकनामाची स्थिती याहून बिकट आहे. मूळ रचनेत सदस्यनाम रोमन वर्णांतच घ्यावे लागते आणि पत्तानाम त्यावरूनच बेतले जाते. हा नियम कोणी शिथिल केला तरी पन्नास वर्णांचा रकाना आडवा येतो. 'तुकाराम' या नावात सात चिन्हे आहेत, म्हणजे त्रेसष्ट वर्ण. ते मावत नाही. 'नामदेव' सहा चिन्हे, चोपन्न वर्ण, तेही नाही. 'तुका', 'नामा', 'एका', 'जनी' ही मुद्रानामे मात्र मावतील. हा योगायोगच आहे, परंतु बोलका आहे. छंदाने नावाला जी आटोपशीर जागा दिली होती, तीत नाव मुद्दाम घडवलेले होते. रकान्याने दिलेल्या जागेत मराठी नावाचा विचारच केलेला नव्हता.

गूगलच्या मालकीच्या ब्लॉगर या सेवेत वेगळाच प्रकार घडतो. तेथे लेखाचे शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर पत्ता बनवताना ते पूर्णपणे गाळले जाते आणि त्याजागी 'ब्लॉग-पोस्ट' हे सामान्यनाम, पुढे एखादा आकडा, असे लिहिले जाते. शीर्षक रोमनमध्ये असेल तर पत्त्यात शीर्षकाचे शब्द येतात. परिणामी इंग्रजी लेखाचा पत्ता लेखाविषयी काही सांगतो. मराठी कविता, मराठी समीक्षा, मराठी पाककृती या सर्वांचे पत्ते मात्र एकसारखे अनाम असतात. पत्त्याच्या या तुकड्याला संगणकव्यवहारात 'स्लग' म्हणतात. वृत्तपत्रांच्या संपादनकक्षात बातमी ओळखण्यासाठी तिला दिलेल्या छोट्या कामचलाऊ नावालाही हाच शब्द होता. बातमीचे कामचलाऊ नाव छपाईबरोबर संपत असे. येथे तेच कायमचे झाले आहे.

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. तेथे लिपीचे आवरण पंथाने स्वतः घातले होते. ते उकलण्याची किल्ली पंथाच्या हाती होती. पत्त्यातील देवनागरीचे त्रिकुटांत झालेले रूपांतर हेही एक आवरणच आहे, परंतु ते कोणीही हेतुतः घातलेले नाही आणि त्याने कशाचे रक्षणही होत नाही. आधुनिक ब्राउझर अनेकदा पत्ता देवनागरीत दाखवतात; पण तोच पत्ता नकलून संशोधनप्रबंधात उतरवला की त्रिकुटांची रांग उमटते आणि तळटीप वाचनीय राहत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम खुले झाले, त्यात मराठीचाही समावेश होता. त्यामुळे पत्त्याचे आरंभीचे अंग देवनागरीत लिहिता येऊ लागले, तरी यंत्रणेच्या आत तेही २००३ मधील एका प्रमाणानुसार रोमन वर्णांतच रूपांतरित होऊन वावरते. आणि वर्डप्रेसच्या मूळ रचनेत लेखक-पृष्ठाच्या पत्त्यात लेखकनामापूर्वी 'ऑथर' हा इंग्रजी शब्द असतोच, मग संकेतस्थळ मराठी असले तरीही.

५

टोपणनावाच्या बाबतीत या रचनेचे परिणाम अधिक गंभीर आहेत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने लिहिले. ही तीन नावे म्हणजे एका व्यक्तीची तीन आवरणे नव्हेत; तीन वाङ्मयप्रकारांतील तीन लेखक-कार्ये आहेत, आणि वाचकाने प्रत्येकाकडे वेगळ्या अपेक्षेने यावे अशी त्यांची योजना आहे. लेखक-पृष्ठाच्या तर्काला हे भान नाही. एका खात्याचे एकच दर्शनीनाम असते आणि ते बदलले की जुन्या-नव्या सर्व लेखांवरील नाव एकाच वेळी बदलते. काल 'गोविंदाग्रज' म्हणून प्रसिद्ध झालेली कविता आज 'बाळकराम'ची होऊन बसते. तीन नावे राखायची तर तीन खाती, म्हणजे तीन व्यक्ती, असल्याचे यंत्राला सांगावे लागते.

जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने केलेल्या लेखनाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. साहित्यव्यवहाराची थट्टा करणाऱ्या त्या सदराची मौज लेखक कोण या कुतूहलाशी निगडित होती. वर्डप्रेसमध्ये टोपणनाव दर्शनीनाम म्हणून घेतले, तरी पत्तानाम सदस्यनामावरून बनत असल्यामुळे, आणि सदस्यनाम बहुधा खऱ्या नावाचेच असल्यामुळे, लेखावर 'ठणठणपाळ' आणि पत्त्यात खरे नाव, असा विसंगत प्रकार घडतो. विनोदी सदराच्या बाबतीत याने फार तर मौज हरवेल. कुटुंबाविषयी, जातीविषयी, नोकरीच्या जागेविषयी जोखीम पत्करून लिहिणाऱ्या स्त्रीच्या वा दलित लेखकाच्या बाबतीत हानी मौजेपुरती राहणार नाही. नामांतराचा विचार करताना पत्त्यातील नाव समीक्षकाच्या नजरेतून सुटते. लेखकाचा शोध घेणाऱ्या विरोधकाच्या नजरेतून ते सुटेलच असे नाही.

नावाच्या लांबीचेही तसेच. अनेक संकेतस्थळांचे जाळे एकत्र चालवण्याच्या वर्डप्रेसच्या रचनेत सदस्यनाम किमान चार वर्णांचे असावे लागते. नारायण मुरलीधर गुप्ते यांचे 'बी' हे एकाक्षरी नाव तेथे नोंदवताच आले नसते.

स्मरणाच्या बाबतीत या प्रणालीने केलेला भेद तर विशेष चिंतनीय आहे. प्रसिद्ध झालेल्या लेखाचे पत्तानाम बदलले तर वर्डप्रेस जुने पत्तानाम जपून ठेवते आणि जुन्या पत्त्याने येणाऱ्या वाचकाला नव्या पत्त्याकडे नेते. लेखकाच्या पत्तानामाला अशी स्मृती नाही. मुळात ते बदलण्याची सोय नेहमीच्या मांडणीत दिलेलीच नाही. पूरक आज्ञावलीने ते बदलले तरी जुन्या पत्त्यावरून आपोआप कोणी वाट दाखवत नाही. विवाहानंतर, घटस्फोटानंतर, धर्मांतरानंतर, वा लिंगओळख बदलल्यावर नाव बदलणाऱ्या लेखकापुढे दोनच मार्ग उरतात : जुने नाव पत्त्यात वागवणे, किंवा जुन्या सर्व संदर्भांना मुकणे.

आणि खाते वगळले जाते तेव्हा? प्रणाली प्रशासकापुढे दोन पर्याय ठेवते : या सदस्याचे सर्व लेखन नष्ट करावे, अथवा ते दुसऱ्या सदस्याच्या नावे करावे. दुसरा पर्याय निवडताच लेखांच्या नोंदीतील क्रमांक बदलतो आणि दर्शनीनामही. एखाद्या मासिकाचा सहसंपादक काम सोडून गेला आणि त्याचे खाते आवरताना हा पर्याय निवडला गेला, तर त्याचे सर्व लेख दुसऱ्याच्या नावाने उभे राहतात. कर्तृत्वनिर्णय हा पाठचिकित्सेतील अत्यंत जिकिरीचा प्रश्न; येथे तो एका निवडसूचीत येऊन बसला आहे. फूको यांनी व्याख्यानाच्या अखेरीस कोण बोलतो आहे याने फरक काय पडतो, या आशयाचा प्रश्न ठेवला होता. प्रशासकीय निवडसूचीने त्याला उदासीन होकार दिला आहे, आणि हा होकार फूको यांना अभिप्रेत असलेल्या मुक्ततेचा खचितच नव्हे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सर्व यंत्रविषयक तपशील आहेत. साहित्यसमीक्षेने संहितेकडे पाहावे. याचे उत्तर ग्रंथशास्त्राने पूर्वीच दिलेले आहे. डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५ च्या व्याख्यानांत, जी १९८६ साली ग्रंथरूपाने आली, असे दाखवून दिले की ग्रंथाची भौतिक घडण अर्थाच्या घडणीत सहभागी असते. टाइप, मांडणी, बांधणी यांना जो न्याय, तोच पत्त्याला आणि रकान्याला लागू होतो. जेनेत यांच्या परिभाषेत बोलायचे तर पत्ता ही परिसंहिता आहे. तिचे वैशिष्ट्य एवढेच की तिचा बराच भाग लेखक वा प्रकाशक रचत नाहीत, पूर्वरचित नियम रचतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुद्रणातही लेखक परावलंबी होताच. प्रकाशक बंद पडे, पुस्तक दुर्मीळ होई. हे खरे आहे. परंतु पुस्तकाच्या प्रती विखुरतात; प्रकाशनसंस्था संपली तरी एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयात प्रत उरते आणि तिच्यावर लेखकाचे नाव असते. पत्ता विखुरत नाही; तो एकच असतो. 'जिओसिटीज' या सेवेने आरंभी सदस्यांची पृष्ठे कल्पित वस्त्यांत, घरक्रमांक देऊन वसवली होती. १९९९ मध्ये ती याहूच्या मालकीची झाली आणि पत्त्यांत वस्तीच्या जागी सदस्यनाम येऊ लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये ती अमेरिकेत बंद झाली, आणि वस्ती व नाव दोन्ही पत्ते निकामी झाले. स्वतःच्या नावाचे क्षेत्रनाम घेणारा लेखकही त्याचा मालक नसतो; तो मुदतीचा भाडेकरू असतो, आणि भाडे भरणारे कोणी उरले नाही की त्याच्या नावावर दुसरा कोणी वस्ती करू शकतो.

यातून निघणारी कर्तव्ये फार मोठी नाहीत, पण ती साहित्यव्यवहारातल्या माणसांचीच आहेत. संपादकाने नव्या लेखकाचे खाते उघडताना पत्तानाम त्याला विचारून ठरवावे. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे सदस्यनामच वेगळे घ्यावे, कारण नंतरची दुरुस्ती अपुरी ठरते. लेखकाचे खाते वगळण्याचा प्रसंग आल्यास लेखन दुसऱ्याच्या नावे करण्याऐवजी खाते निष्क्रिय करून नाव राखावे. देवनागरी शीर्षकासाठी पत्तानाम स्वतः योजावे, ते यंत्रावर सोडू नये. संशोधकाने संदर्भ देताना केवळ पत्ता न देता लेखकाचे दर्शनीनाम, देवनागरी शीर्षक, प्रसिद्धीची आणि अवलोकनाची तारीख नोंदवावी. दर्शनीनाम बदलू शकते, म्हणून ते कोणत्या दिवशी काय होते याला पुराव्याचे मोल आहे. आणि लेखकाने आपले नाव लेखाच्या मजकुरात, अखेरीस, स्वतः लिहावे. हा सल्ला साधा वाटेल. परंतु लेखाच्या मजकुरात लिहिलेले नाव क्रमांक बदलल्याने बदलत नाही, खाते गेल्याने जात नाही, आणि लेख कोणी नकलून अन्यत्र नेला तर त्याच्यासोबत जाते. नाममुद्रेचे कार्य नेमके हेच होते.

मराठी ब्लॉगलेखनाचा इतिहास आज ना उद्या लिहिला जाईल. त्या इतिहासकाराच्या हाती जी साधने येतील त्यांत बंद पडलेले पत्ते, 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच नाव असलेल्या असंख्य कविता, आणि प्रशासकांच्या नावे वर्ग झालेले लेख असतील. विष्णुदास नामा आणि नामदेव यांची रचना वेगळी करताना संशोधकांना भाषेचा, आशयाचा, मुद्रेच्या घडणीचा आधार घेता आला, कारण नाव पदाच्या आत होते. लेखक-पृष्ठांच्या बाबतीत असा आधार उरावा की नाही, हे ब्लॉग चालवणाऱ्या आजच्या संपादकांच्या आणि लेखकांच्या हाती आहे.